एका खाणावळीचे परीक्षण

तीस-बत्तीस वर्षे मी नाटकांची आणि पुस्तकांची परीक्षणे लिहीत आलो. त्यापायी काही नटांनी बोलणे टाकले, काही लेखकांनी ओळख टाकली. परंतु स्वयंपाकघरातला एकही माणूस माझा शत्रू झाला नाही. पानात पडेल ते मुकाट्याने खावे, ही आमच्या आईची शिस्त. त्यामुळे या दिवाळीत मी एका खाणावळीचे परीक्षण लिहायला घेतले आहे असे सांगताच आमच्या घरातून उद्गार आला, "नावे ठेवायला आता एवढेच राहिले होते!"

नावे ठेवायची आहेत हे खरे. तशी तारीफही करायची आहे. पण या दोहोंच्या मध्ये एक प्रश्न आहे, आणि तो मला नाटकांच्या परीक्षणातही कधी धड सोडवता आला नाही. दुसऱ्याच्या हालअपेष्टांतून जन्मलेली कला आपण पैसे मोजून, आरामात बसून चाखतो, तेव्हा तिला दाद कशी द्यावी?

आमची मुलगी डेन्मार्कात एस्बियर्ग या बंदराच्या गावी असते. जावई समुद्रातल्या पवनचक्क्यांच्या कामावर आहेत. गेल्या वर्षी दिवाळी आटोपताच, फराळाचा एक डबा काखोटीला मारून आम्ही उभयता तिकडे गेलो. नोव्हेंबरातला डेन्मार्क म्हणजे दुपारी चारला दिवेलागण आणि दिवसभर भिजट, करडे आभाळ. चौथ्या दिवशी मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही खिडकीशी बसून कंटाळलात. चला, तुम्हाला रीबे दाखवते."

रीबे हे डेन्मार्कातले सर्वांत जुने गाव. आठव्या शतकाच्या आरंभापासून तेथे वस्ती आणि बाजार आहे. गावाच्या मध्यभागी बाराव्या शतकात उभारलेले प्रचंड कॅथीड्रल, आणि त्याच्याभोवती दगडगोट्यांच्या फरसबंदीच्या गल्ल्या. १५८० च्या आगीनंतर बांधलेली लाकडी चौकटींची, विटांनी भरलेली घरे अजून उभी आहेत. उभी म्हणजे, म्हाताऱ्या मित्रांसारखी एकमेकांच्या खांद्यावर रेललेली. नदीकाठी एक खांब आहे. समुद्राचे पाणी कोणत्या साली कुठवर चढले त्याच्या खुणा त्यावर आहेत, आणि सर्वांत वरची खूण १६३४ ची. त्या रात्री पाणी कॅथीड्रलच्या आत शिरले होते. मी त्या खुणेकडे मान वर करून पाहत राहिलो. सौभाग्यवतींनी मात्र पाहिले न पाहिल्यासारखे केले आणि "जेवायचे कुठे?" असे विचारले.

जेवायचे होते ते एका अरुंद गल्लीत, अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या पद्धतीचे अन्न देणाऱ्या खाणावळीत. त्या अन्नाला 'सोल फूड' म्हणतात. याचे मराठी करू पाहाल तर फजिती होईल. 'आत्म्याचे अन्न' म्हटले की कीर्तन सुरू झाल्यासारखे वाटते. शिवाय आपल्या उपनिषदाने अन्नमय कोश सर्वांत बाहेर ठेवला आहे आणि आत्मा पार आत. इकडे तर दोघांना एकाच कढईत घातलेले. १९६० च्या सुमारास अमेरिकेतल्या काळ्या समाजाने 'सोल' हा शब्द आपल्या गाण्याला, आपल्या माणसांना आणि मग आपल्या जेवणालाही लावला. जे आमचे आहे आणि ज्याची आम्हाला लाज वाटत नाही ते, असा त्याचा अर्थ. मी आपला 'सोल फूड' असेच म्हणतो.

हे अन्न रीबेत कसे, असे कुणालाही वाटेल. मला तसे वाटले नाही, त्याचे कारण याकोब रीस. हा रीबेचाच मुलगा, १८४९ चा जन्म. १८७० साली तो अमेरिकेला गेला, उपाशी फिरला, भिकाऱ्यांबरोबर झोपला आणि पुढे वार्ताहर झाला. न्यूयॉर्कमधल्या गरिबांच्या कोंदट चाळींची छायाचित्रे चकमकत्या भुकटीच्या उजेडात घेऊन १८९० साली त्याने जे पुस्तक काढले त्याने ते शहर हादरले. त्यात काळ्या भाडेकरूंवर एक प्रकरण आहे. त्याच चाळीतल्या तसल्याच खोलीसाठी त्यांच्याकडून गोऱ्यांपेक्षा जास्त भाडे कसे घेतात, हे त्याने नोंदवले आहे. रीबेत २०१९ पासून त्याच्या नावाचे संग्रहालय आहे. रीबेचा माणूस तिथली गरिबी पाहून आला. तिथल्या गरिबीतले अन्न रीबेला आले. हिशेब सरळ आहे.

खाणावळीचे दार इतके ठेंगणे की जावयांचे कपाळ चौकटीला लागले. आत पाच टेबले, खाली वाकलेल्या तुळया, प्रत्येक टेबलावर मेणबत्ती. आणि मेणबत्तीशेजारी एका चिनी मातीच्या पात्रात वाळलेल्या काटक्या. मी चष्मा पुसून पाहिले. ती कपाशीची बोंडे होती. फुटलेली, पांढरी, सुंदर.

माझा जन्म वऱ्हाडातला. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झाले, दक्षिणेचा कापूस मँचेस्टरला जाईनासा झाला, आणि आमच्या वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपताच तो भाव कोसळला. ही गोष्ट मी शाळेत शिकण्याआधी आजोबांच्या तोंडून ऐकली होती. कापूस वेचणाऱ्या बायांची बोटेही मी पाहिली आहेत. बोंड फुटले की त्याच्या पाकळ्या वाळून सुईसारख्या होतात आणि नखाच्या कडेला टोचतात. ज्या लोकांना त्या बोंडांसाठी विकले आणि फटकावले, त्यांच्या अन्नाच्या टेबलावर शोभेसाठी कपाशी ठेवणे! नाटकात मी असा नेपथ्यकार पाहिला असता तर दोन परिच्छेद खर्च केले असते. येथे मी पात्र उचलले आणि मागच्या खिडकीत नेऊन ठेवले. मुलगी म्हणाली, "बाबा, आपल्या घरी आहे का हे?" मी काही बोललो नाही.

आधी तळलेली कोंबडी आली. सगळे गाव तिच्यासाठी येते, असे मुलीने सांगितले होते. आवरण जाड आणि कुरकुरीत, मांस रसदार. पण वर 'रेमूलाद' नावाची पिवळी, गुळचट, लोणच्याच्या बारीक फोडी घातलेली चटणी थापलेली. डॅनिश माणूस तळलेल्या माशापासून बटाट्यापर्यंत सगळ्यावर ही घालतो. तिच्याखाली मिरी होती की नाही, मीठ कसे होते, काही कळेना. मी वहीत लिहिले : 'पाहुण्यांच्या मर्जीची कोंबडी.' ताटाला एकशे पंच्याऐंशी क्रोनर, म्हणजे आपले सव्वादोन-अडीच हजार रुपये. सौभाग्यवतींनी हा हिशेब मनातल्या मनात केला आणि हाडापर्यंत काही शिल्लक ठेवले नाही.

मक्याची भाकर बिडाच्या तव्यावर भाजलेली होती; कड करपलेली, मध्य ओलसर. तिच्यात साखर घालावी की घालू नये यावर अमेरिकेच्या दक्षिणेत घराघरांत वाद आहे. येथे चिमूटभर होती, आणि मला ती खटकली नाही. साखरेच्या पाकातल्या रताळ्यांबद्दल तसे म्हणवत नाही. शेजारच्या टेबलावर एक वृद्ध डॅनिश जोडपे होते. नाताळला त्यांच्याकडे बटाटे साखरेत परततात. ही रताळी त्यांना अगदी तशीच लागत होती, आणि त्यांचे डोळे आठवणीने भरले होते. मला उगाच आठवले की अठराव्या शतकात कोपनहेगनच्या कारखान्यांत शुद्ध होणारी कच्ची साखर सेंट क्रॉय बेटावरून यायची, आणि तेथल्या उसाच्या मळ्यांत राबणारे गुलाम डेन्मार्कचेच होते. ती गुलामी १८४८ साली संपली, आणि ती तिन्ही बेटे डेन्मार्कने १९१७ साली अमेरिकेला अडीच कोटी डॉलर्सना विकली. त्या सज्जन जोडप्याला हे सांगायला मी काही सरसावलो नाही. परीक्षकाने शेजाऱ्याच्या ताटात हात घालू नये.

आणि मग, यादीच्या अगदी तळाशी 'जोडपदार्थ' म्हणून लहान अक्षरात छापलेल्या दोन वाट्या आल्या. एकीत भातावर चवळी, दुसरीत शिजवलेली पालेभाजी.

चवळी तोंडात घातली आणि सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, ही तर आपली बरबटी!" आमच्या वऱ्हाडात चवळीला बरबटी म्हणतात. ती आपली आहेच. पण तिचे माहेर आफ्रिका. ज्वारी, बाजरी, नाचणी या तिन्ही आफ्रिकेतूनच आपल्याकडे आल्या, पुष्कळ शतकांपूर्वी. ज्या भाकरीला आपण मराठी मातीची खूण म्हणतो ती त्या काळ्या खंडाची देणगी. तीच चवळी गुलामांच्या गलबतांतून अमेरिकेलाही पोचली. वर्षाच्या पहिल्या दिवशी तिकडे चवळी-भात आणि पालेभाजी खातात. आपण पाडव्याला कडुनिंब खातो तसा तो वर्षारंभाचा घास. मात्र त्यांनी कडूऐवजी भरभराट मागितली. चवळीचे दाणे म्हणजे नाणी, पाला म्हणजे नोटा.

खरी गोष्ट त्या पालेभाजीत होती. अमेरिकेत ही 'कॉलर्ड' नावाच्या पानांची करतात. कोबीच्याच कुळातली, पण गड्डा न धरणारी. ती रीबेत कोठून मिळणार? खाणावळीने तेथली कुरळ्या पानांची केल घेतली होती. याच केलीची नाताळात दुधाची दाट पिठी लावून भाजी करणे ही जटलंडची जुनी रीत. हिची तशी नव्हती. पाने तासन्‌तास मंद शिजली होती, त्यांत धुरी दिलेल्या डुकराच्या पायाचा तुकडा, थोडी शिरक्याची आंबट धार आणि सुकी मिरची. माझ्या काही वाचकांच्या कपाळाला येथे आठी पडेल. ती पडू द्यावी, आणि पुढे वाचावे. कारण त्या पानांचा स्वाद असा होता की मी लेखणी खाली ठेवली. तो स्वाद मागे राहिलेल्या गोष्टीचा होता. कडवटपणा मारलेला नव्हता, समजावून घेतलेला होता.

पण वाटी कोरडी होती. भाजीचे पाणी निथळून काढलेले. मी वाढणाऱ्या मुलाला विचारले, "पाणी कुठे आहे?" तो गोंधळून आत गेला, आणि पदराला हात पुसावेत तसे अंगावरच्या फडक्याला हात पुसत एक साठीची, उंच, काळी बाई बाहेर आली.

"पाणी कुणी मागितले?"

"मी. आमच्याकडे पुरण शिजले की डाळीचे पाणी काढतात. त्याला येळवणी म्हणतात, त्याची कटाची आमटी करतात. पोळी खाऊन झाली तरी माणसे आमटी मागत राहतात. तुमच्या भाजीला पाणी असणारच."

ती माझ्याकडे थोडा वेळ पाहत राहिली. मग आत जाऊन चिनी मातीच्या पेल्यात ते घेऊन आली. त्याला तिकडे नाव आहे, 'पॉट लिकर'. भाजी मालकाच्या पानात जाई आणि तळचे पाणी स्वयंपाकघरात उरे. पानांचे सत्त्व त्या पाण्यातच उतरलेले असे, आणि मुले त्यावर वाढत, असे सांगतात. हिरवट, वर तेलाचे थेंब तरंगणारे, खारट, कडसर, धुराच्या वासाचे पाणी. मी ते मक्याची भाकर बुडवून संपवले. सौभाग्यवतींनी वास घेतला आणि पेला माझ्याकडे सरकवला, हेही प्रामाणिकपणे नोंदवतो.

"इथे हे का वाढत नाही?" मी विचारले.

"सुरुवातीला वाढायचे. लोक म्हणायचे, भाजीत पाणी राहिलंय. परत पाठवायचे."

ती जॉर्जिया राज्यातल्या सव्हानाची. डॅनिश खलाशाशी लग्न करून इकडे आली; नवरा वारल्यावर नणंदेच्या मुलाने भांडवल घातले आणि खाणावळ निघाली. सजावट त्याच्या ओळखीच्या माणसाची. मी खिडकीत ठेवलेल्या पात्राकडे तिचे लक्ष गेले. "तुम्ही हलवलेत?"

"मी कापूस पिकणाऱ्या गावचा आहे," मी म्हणालो.

ती खुर्ची ओढून बसली. म्हणाली, "माझी आजी वेचायची. त्या पोराला मी सांगितले तर तो रडेल. फार चांगला आहे तो. त्याला ते फूल वाटले. रोज सकाळी मी त्यांच्यावरची धूळ पुसते. एका टेबलावरचे काढले आहे. ते कोपऱ्यातले, तिथे मी जेवते."

आता परीक्षकाने काय लिहावे? सजावट वाईट, असे लिहिणे सोपे आहे आणि खरेही आहे. या अन्नाला 'सुखाचे अन्न' म्हणून मेणबत्तीच्या उजेडात बसवले की त्याच्या अंगावरचा घाम पुसला जातो. पण उलटी चूकही तितकीच वाईट, आणि ती माझ्यासारखा माणूस करतो. प्रत्येक घासाला 'अरेरे' म्हणायचे. हे केवळ मालकाच्या उष्ट्याचे अन्न आहे असे समजणे हा त्या बायांच्या हाताचा अपमान आहे. खुद्द त्या समाजातही यावर भांडण झाले. एलायजा मुहम्मद यांनी १९६७ च्या पुस्तकात हे गुलामीचे खाणे टाका म्हणून बजावले. चवळी आणि मक्याची भाकरसुद्धा त्यातून सुटली नाही. उलट एड्ना लुइस या थोर पाककर्तीने १९७६ साली, मुक्त झालेल्या गुलामांनी वसवलेल्या आपल्या व्हर्जिनियातल्या गावाचे जेवण लिहिले ते ऋतूंचे, सुगीचे, सणांचे जेवण म्हणून. मी पुरता लुइसबाईंच्या बाजूचा आहे. माँटगोमेरीच्या १९५५-५६ मधल्या बस-बहिष्कारात जॉर्जिया गिलमोर या स्वयंपाकिणीने घरी कोंबडी तळून, गोड पदार्थ भाजून, ते विकून चळवळीला पैसा पुरवला. ही काय दयेने खायची कोंबडी आहे?

आणि आपण तरी कोण मोठे लागून गेलो? पुण्याबाहेरच्या हमरस्त्यावर बैलगाडीचे चाक भिंतीला टांगून 'चुलीवरची भाकरी' विकणाऱ्या भोजनगृहांची मी स्वतः तोंड भरून स्तुती केली आहे. चुलीपुढे धुराने डोळे चोळणारी बाई मला तेव्हा शोभेची वाटली. शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' २०१५ साली निघाले. मराठवाड्यातल्या दलितांच्या चुलीवर काय शिजत होते आणि का, हे त्यात मराठीत मांडले गेले. मी ते विकत घेतले आणि कपाटात ठेवले. वाचले ते रीबेहून परत आल्यावर. माझ्या बत्तीस वर्षांच्या लेखनात ज्या अन्नाचा साधा वासही नाही, त्याचे ते पुस्तक आहे.

तेव्हा माझा अभिप्राय असा. पालेभाजी आणि चवळी उत्तम. मक्याची भाकर चांगली. रताळी अति गोड. कट, म्हणजे ते पाणी, यादीच्या डोक्यावर लिहावे आणि परत पाठवणाऱ्याला पुन्हा वाढावे. कपाशी काढावी, ते काम त्या पोराने करावे, आणि का ते त्याला कळावे. रडला तर रडू द्यावे.

कोंबडीबद्दल लिहिलेले मात्र मला खोडावे लागले. निघताना बाईने एका पुठ्ठ्याच्या खोक्यात चार तुकडे बांधून दिले, चटणी न घालता. म्हणाली, "आमची कोंबडी गरम खाऊन कळत नाही. उद्या खा." मग तिने जे सांगितले ते पूर्वी मी वाचले होते, पण त्याचा चवीशी संबंध जोडला नव्हता. गोऱ्यांची हॉटेले काळ्या प्रवाशांना दार उघडत नसत. व्हिक्टर ह्यूगो ग्रीन नावाच्या हार्लेमच्या टपालवाल्याने १९३६ पासून, काळ्या माणसाला कुठे खायला-राहायला मिळेल याची पुस्तिका काढली, ती याचसाठी. आणि घराघरांतून लोक बुटांच्या खोक्यात तळलेली कोंबडी बांधून निघत. म्हणजे ती शिदोरी होती. दुसऱ्या दिवशी, गार, गाडीत, मांडीवर ठेवून खायची. मसाला त्या हिशेबाने घातलेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी एस्बियर्गच्या स्वयंपाकघरात उभ्याने मी पहिला तुकडा खाल्ला. आवरण आता कुरकुरीत नव्हते, मांसाला धरून बसले होते. आणि मिरी, मीठ, लसणाची पूड सारे आतपर्यंत पोचलेले. वहीतली ओळ मी खोडली. चौथ्या तुकड्यासाठी जावयांशी वाटाघाट करावी लागली.

खोक्याबरोबर बाईने मुरंब्याच्या बरणीत कटही दिला होता. मुलीने भात लावला, वर कट ओतला, आणि डुकराचे नाव ऐकून पेला सरकवणाऱ्या सौभाग्यवतींनी "चव तर पाहू" म्हणत दोन चमचे घेतले. तिसराही घेतला. त्याबद्दल त्यांनी कुठे बोलू नये असे मला बजावले आहे.

बरणी धुऊन झाल्यावर मुलगी म्हणाली, "रविवारी मी तिकडे जाईन. पण आई, बरणी रिकामी कशी परत द्यायची?" फराळाचा डबा जवळजवळ संपला होता. तळाशी भाजणीच्या आठ-दहा चकल्या होत्या. त्यांतल्या अखंड निवडून तिने बरणीत भरल्या. दोन तुटलेल्या होत्या, त्या मी खाल्ल्या.